मधली हवा

दुसऱ्या रात्री दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगरच्या जंगलात, स्कुकुझा कॅम्पातल्या आमच्या गोल झोपडीसमोर लॅपटॉप उघडला आणि पोटात गोळा आला. दोन दिवसांत अकराशे फोटो काढले होते आणि सकाळच्या फोटोंमधला एकही धड नव्हता. सिंहीण होती, तिच्या मागे दोन छावे होते, पाठीवर कोवळं ऊन होतं. फक्त मिशा नव्हत्या. म्हणजे होत्या, पण मोजता येत नव्हत्या. फोटो हललाय म्हणावं तर तसंही नाही. हललेला फोटो मला दुरून ओळखता येतो, त्यात सगळं एका अंगाला ओढल्यासारखं दिसतं. हे म्हणजे चष्म्याला तुपाचं बोट लागावं तसं.

लेन्स माझी नव्हती. २००-६०० मिमीची, दोन किलोंहून जड, पुण्यातल्या एका दुकानातून भाड्याने आणलेली. मी रागाच्या भरात दुकानातल्या मुलाला लांबलचक मेसेज लिहिला. खराब लेन्स गळ्यात मारलीत, माणूस आयुष्यात एकदा आफ्रिकेला जातो, भाडं परत पाहिजे, वगैरे. पाठवून टाकला तेव्हा आमच्याकडे साडेनऊ वाजले होते, म्हणजे पुण्यात रात्रीचा एक. धाकटा भाऊ शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता. "ताई, सकाळपर्यंत थांबली असती तर बिघडलं असतं का?" इतकंच म्हणाला.

आमची जोडगोळी नागपूरची. वीस-बावीस वर्षं ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला करतो आहोत. तो जिप्सीत पुढे बसतो आणि ड्रायव्हरशी गप्पा मारतो, मी मागे उभी राहून फोटो काढते. रिटायर झाल्यावर एकदा तरी आफ्रिका, असं ठरलं होतं. आणि सगळे केनिया-टांझानियाला जातात म्हणून आम्ही खाली जायचं ठरवलं: पाच दिवस दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर, आपली आपण गाडी चालवत, मग बोट्सवानात तीन दिवस चोबे नदीवर आणि चार दिवस ख्वाईला.

तयारीचं सगळं पुराण लावत नाही, पण चार गोष्टी सांगते, कारण त्या आम्हाला कोणी सांगितल्या नव्हत्या. क्रूगरच्या आतल्या सरकारी कॅम्पांमधल्या खोल्या जवळजवळ वर्षभर आधी भरतात. आम्ही दहा महिने आधी बसलो तरी लोअर साबीला दोनच रात्री मिळाल्या. आमचं विमान आदिस अबाबावरून होतं. तिथे आमचा मुक्काम काही तासांचाच, तेव्हा नियमाने पीतज्वराची लस लागत नव्हती, तरी घेतली; टोचल्यावर दहा दिवसांनी तिचं प्रमाणपत्र लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू केल्या. तिसरी गोष्ट मुंबई विमानतळावरची. कॅमेरा आणि लेन्स यांचे नंबर कस्टम्सकडे नोंदवून कागद घ्यायचा, नाहीतर परत येताना हे तुम्ही बाहेरूनच विकत आणलंत असं कोणी म्हणालं तर आपल्याकडे उत्तर नसतं. वस्तू भाड्याची असेल तर हा कागद हवाच हवा.

चौथी गोष्ट बीनबॅग. गाडीच्या खिडकीवर लेन्स टेकवायला ट्रायपॉडचा काही उपयोग नाही. सीताबर्डीतल्या आमच्या शिंप्याने भावाच्या जुन्या जीन्सचे दोन पाय कापून, मध्ये जोडून, खोगिरासारखी पिशवी शिवून दिली. रिकामीच नेली आणि वाटेत म्बोम्बेलाच्या बाजारात तांदळाची पाकिटं घेऊन, ती न फोडता, तशीच आत कोंबली.

क्रूगर चंद्रपूर जिल्ह्याच्या दीडपटीहून मोठं आहे. १८९८ साली त्याचा पहिला तुकडा राखून ठेवला गेला आणि १९२६ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. आतले मुख्य रस्ते डांबरी, त्यावर ताशी ५० ची मर्यादा. मातीच्या रस्त्यांवर ४०. ऑगस्टअखेरीला कॅम्पचं फाटक सकाळी सहाला उघडतं आणि संध्याकाळी सहाला बंद होतं. उशीर झाला तर दंड. ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. गाइड नाही, जिप्सी नाही, "साहेब, कॉल आला" म्हणणारं कोणी नाही. पहिल्या दिवशी हे फार विचित्र वाटलं. ताडोबात आपण वाघाच्या कॉलमागे, म्हणजे त्याला बघून हरणं-माकडं ओरडतात त्या इशाऱ्यामागे, धावतो. इथे कोणामागे धावणार? पहिल्या दिवशी आम्ही दीडशे किलोमीटर गाडी हाकली आणि बरंच काही मागे टाकून गेलो असणार.

आता लेन्सकडे येते. पहाटे पाचला पुण्याचं उत्तर आलं. मला वाटलं होतं तो पोरगा भांडेल. त्याने लिहिलं होतं: "काकू, आधी एक करा. सावलीत लेन्स पक्की टेकवा, दहा मीटरवर बारीक अक्षरं असलेलं काहीतरी ठेवा आणि फोटो काढून मला पाठवा." मॅडमची काकू कधी झाले ते कळलं नाही. दुपारी जेवायला कॅम्पात परतलो तेव्हा ओट्याच्या कठड्यावर बीनबॅग ठेवली आणि दहा पावलांवर झाडाखाली पार्ले-जीचा पुडा उभा केला. फोटो उघडून मोठा केला. घटकपदार्थांच्या यादीतली अक्षरं सुटी सुटी वाचता येत होती. पुड्याच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची चिमटलेली दातेरी कड होती, तिचा दात न् दात दिसत होता.

लेन्स एकदम ठणठणीत.

त्याचं पुढचं उत्तर आलं: "मग लेन्सच्या पुढे काय असतं ते बघा. सकाळी गाडीतून काढता ना? काच खाली, आणि हीटर?"

मी भावाकडे बघितलं. भावाने आभाळाकडे बघितलं. सकाळी बाहेर दहा-बारा अंश असतात, मला थंडी सोसत नाही, म्हणून तो फाटक उघडायच्या आधीपासून हीटर लावून गाडी ऊबदार करून ठेवायचा. मी काच खाली करायची आणि आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडायची, बरोबर लेन्सच्या तोंडासमोरून. गरम आणि थंड हवा मिसळते तिथे उजेड वाकतो. चुलीच्या वरून पलीकडचं माणूस बघितलं तर ते जसं थरथरतं, तसं. लेन्स जितकी लांबची, तितकी ती थरथर मोठी होऊन दिसते. नेहमीच्या छोट्या लेन्सवर हे कधी लक्षातही आलं नसतं.

"तुला थंडी वाजून राहिली होती म्हणून लावला ना मी," भाऊ म्हणाला. "आता माझ्यावर काहून चिडून राहिली?"

चिडले नव्हते. पुण्याला काय लिहायचं या विचारात होते. माफी मागितली, सरळ, दोन ओळींत. त्याने अंगठा पाठवला. चौथ्या सकाळपासून काचा खाली, हीटर बंद, मी कानटोपी आणि भावाची शाल गुंडाळून. फाटक उघडून वीस मिनिटं होत नाहीत तोच रस्त्याच्या कडेला एक तरस आपल्या बिळाच्या तोंडाशी पिल्लाला पाजत बसलेली दिसली. पिल्लाच्या डोळ्यात आमच्या गाडीचं प्रतिबिंब आलं आहे.

तरी हवेने मला पुन्हा एकदा गाठलंच. चौथ्या दिवशी लोअर साबीच्या खाली, मोकळ्या गवताळ माळावर, वारुळाच्या उंचवट्यावर दोन चित्ते बसले होते. आमच्यापासून दीडेकशे मीटरवर. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोला आणले तेव्हापासून हा प्राणी त्याच्या घरी बघायचा असं मनात होतं. वाजले होते साडेअकरा. हीटर बंद, इंजिन बंद, बीनबॅग पक्की. पहिले दहा फोटो काढून मागच्या पडद्यावर मोठे केले, आणि तेच. तुपाचं बोट. मग व्ह्यूफाइंडरमधून नुसतं बघत राहिले. चित्त्यांच्या खालचं गवत वाहत होतं. मे महिन्यात वर्धा रोडवर पुढे डांबरावर पाणी साचलेलं दिसतं ना, तसं. तापलेल्या जमिनीवरची दीडशे मीटर हवा मधे होती आणि तिच्यावर कुठल्याही दुकानाच्या कुठल्याही लेन्सचा इलाज नव्हता.

शेजारच्या गाडीतला माणूस तोफेएवढी लेन्स लावून धडाधड फोटो घेत होता. मला त्याला सांगावंसं वाटलं, मग वाटलं, कशाला. मी कॅमेरा मांडीवर घेतला आणि अर्धा तास दुर्बिणीतून चित्ते बघितले. एकाने दुसऱ्याचा कान चाटून काढला. बस्स, तेवढंच घडलं.

त्यानंतर आमचा दिवसाचा हिशेबच बदलला. दहाच्या पुढे लांबचं काही टिपायचं नाही. भर दुपारी लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर जाऊन बसायचं. हे तळं रस्त्याला इतकं लागून आहे की गाडीतून मगरीचे दात मोजता येतात. पाणघोडे, पाठीवर उभे असलेले बगळे, पिवळ्या चोचीचे करकोचे, सगळं वीस-पंचवीस मीटरच्या आत. आम्ही स्वस्तातली बुटकी गाडी घेतली होती आणि गवतापलीकडचं दिसत नाही म्हणून पहिले दोन दिवस हळहळलो होतो. इथे तिचा फायदा कळला. उंच गाडीतून प्राण्याची पाठ मिळते, बुटक्या गाडीतून डोळे. तीन तास एका जागी गाडी उभी केली, असं मी जंगलात यापूर्वी कधी केलं नव्हतं. भावाने तर एक झोप काढली.

क्रूगरबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती फोटो न टाकण्याबद्दलची आहे. कॅम्पात एक मोठा नकाशा असतो, आज कुठे काय दिसलं ते लोक त्यावर रंगीत खुणांनी दाखवतात. सिंह, बिबट्या, हत्ती, बफेलो यांच्या खुणा होत्या. गेंड्याची नव्हती. शिकारी शिंगासाठी टपलेले असतात, म्हणून गेंडा कुठे दिसला हे कोणी जाहीर करत नाही. आम्हाला दिसलेल्या गेंड्याचं शिंग आधीच कापलेलं होतं, नाकावर नुसता थोटका बुंधा. शिंग पुन्हा वाढतं, मग पुन्हा कापावं लागतं. मी त्याचे फोटो काढले, फोनवरचं लोकेशन बंद आहे ना ते दोनदा बघितलं, आणि तो कुठल्या रस्त्यावर दिसला हे इथेही लिहिणार नाही.

कासाने हे चोबे नदीवरचं गाव. इथे फोटोसाठी बनवलेल्या खास बोटी मिळतात: प्रत्येकाला फिरती खुर्ची, खुर्चीसमोर लेन्स अडकवायचा दांडा, सगळं एका बोटाने वळणारं. मी पहिल्या सकाळी ६०० मिमी लावून ऐटीत बसले आणि हत्ती इतका जवळ आला की चौकटीत फक्त त्याचा डोळा आणि चिखल वाळलेल्या पापण्या मावल्या. घाईघाईने छोटी लेन्स शोधली. भाऊ म्हणाला, "एवढं भाडं भरलं, अन् हत्तीच मोठा निघाला."

बोट म्हणजे पाण्याच्या पातळीवरून बघणं. नदीच्या मधोमध सेदुदू नावाचं सपाट गवताळ बेट आहे. हे कोणाचं, यावर बोट्सवाना आणि नामिबिया यांचा वाद थेट हेगच्या न्यायालयात गेला होता. १९९९ मध्ये ते बोट्सवानाला मिळालं. हत्तींना यातलं काही ठाऊक नाही. ते एका देशातून येतात, बेटावर चरतात आणि पोहत दुसऱ्या देशात जातात. एक कळप आमच्यासमोर पाण्यात उतरला. मोठे हत्ती पाठीपर्यंत बुडाले, आणि मधे एक पिल्लू होतं ते तर दिसेनासंच झालं. पाण्यावर नुसती बोटभर सोंड, पुढे मावशी, मागे आई. माझ्याकडे या प्रसंगाचे ऐंशी फोटो आहेत आणि त्यातल्या पाऊणशे फोटोंत ती सोंड शोधावी लागते.

ओळखीचं कोणी भेटलं तर ते कवड्या खंड्या. काळा-पांढरा, पाण्यावर एका जागी फडफडत थांबणारा आणि मग दगडासारखा कोसळणारा. अगदी आपल्या अंबाझरीवर असतो तोच. आणि काठावरच्या मातीच्या उभ्या कड्यांत बिळं करणारे वेड्या राघूचे शेंदरी-गुलाबी भाऊबंद, कार्माइन बी-ईटर. हे सप्टेंबरच्या सुमाराला घरट्यांसाठी येतात. त्यांना उडताना पकडायला शटर १/३२०० सेकंदावर नेलं, तरी चारशे फोटोंतून सहा हाताला लागले. इथे मात्र हवेचा दोष नव्हता, माझाच.

चोबेहून ख्वाईला लहान विमानाने गेलो. माणशी २० किलो, कॅमेऱ्यासकट, आणि बॅग मऊ हवी. चाकांची कडक बॅग विमानाच्या पोटात मावत नाही. वजनाच्या आधी मी जाकिटाच्या चार खिशांत दोन लेन्स, चार्जर आणि बॅटऱ्या भरल्या. माझ्याकडे बघून पायलट हसला, पण मला काट्यावर उभं केलं नाही. तांदूळ कासानेलाच सोडून यावे लागले. मुक्कामाच्या शेवटच्या रात्री त्यांची मऊ खिचडी केली आणि जीन्सची पिशवी रिकामी नेली. ख्वाईच्या स्वयंपाक्याने ती वाळलेल्या चवळीने भरून दिली.

वरून ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश दिसतो तो मात्र लेन्समध्ये मावत नाही. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस महिनोन् महिने चालत इथे पोचतो, तेव्हा इथे ऐन कोरडा हिवाळा असतो. नदी समुद्राला मिळतच नाही, कालाहारीच्या वाळूत पसरते आणि आटते. सुकलेल्या पिवळ्या जमिनीत हिरवी-निळी बोटं घुसलेली, आणि त्यांतून पाणघोड्यांनी जाऊन-येऊन पाडलेल्या वाटा.

मोरेमी अभयारण्य १९६३ साली बाटावाना लोकांनी स्वतःच्या जमिनीवर राखून ठेवलं. त्याला लागून ख्वाई नदी आणि नदीपलीकडे गावकऱ्यांच्या ताब्यातलं रान. मोरेमीत रस्ता सोडायचा नाही. गावच्या रानात गाडी रस्ता सोडून जाऊ शकते. दुसऱ्या दिवशी एका प्रचंड झाडावर बिबट्या दिसला. गाइडने झाडाचं नाव जॅकलबेरी सांगितलं, आणि शास्त्रीय नावातलं पहिलं अर्धं ऐकून मी चमकले. हे आपल्या तेंदूच्याच कुळातलं! ज्याची पानं आमच्याकडे विडीला जातात, त्याचा भाऊ इथे बिबट्याला उचलून बसला होता.

पण सांगायचं आहे ते रानकुत्र्यांचं. चौथ्या, म्हणजे शेवटच्या दुपारी गाइडने गाडी एका झुडपाशी आणून इंजिन बंद केलं. सावलीत चौदा कुत्रे पसरले होते, अंगावर रंग सांडल्यासारखे ठिपके, कान बशीएवढे. आणि झोपलेले. एक तास झाला, दीड तास झाला. आणखी एक गाडी आली, दहा मिनिटं थांबली आणि गेली. पहिल्या दिवशीची मी असते तर मीही गेले असते. ऊन कलल्यावर एक उठला, आळस दिला, दुसऱ्याला नाकाने ढोसलं. चिवचिवाटासारखा आवाज करत सगळे एकमेकांच्या तोंडाला तोंड लावू लागले. आणि मग एकजण शिंकला.

गाइड हळूच म्हणाला, "मोजा."

दुसरी शिंक. तिसरी. इथल्याच रानकुत्र्यांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो त्याने सांगितला. शिकारीला निघायचं की नाही, हे कळप शिंकांवरून ठरवतो. जास्त शिंका पडल्या की निघतात. म्होरक्याने उठाव केला तर थोडक्या शिंकांत भागतं, सामान्य कुत्र्याने केला तर बऱ्याच लागतात.

"आपल्याकडे एक शिंकला तर सगळे खाली बसतात, पाणी पितात, मग निघतात," भाऊ कुजबुजला. "हे उलटंच आहे ना बाप्पा."

मी सातवर पोचले आणि कळप निघाला. उजेड संपत आला होता, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, १२,८०० वर, शटर नाइलाजाने १/६० सेकंदावर. सगळ्यांत पुढचा, डावा कान फाटलेला, आमच्या चाकापासून चार हातांवर थांबला, मान खाली घातली आणि मी बटण दाबलं.

परतताना मुलीकडे पुण्याला थांबले आणि लेन्स स्वतः नेऊन दिली. तो पोरगा जेमतेम चोवीस-पंचवीसचा निघाला. त्याने लेन्सचं हूड काढून उलटं आपटलं, टेबलावर चिमूटभर पांढरी रेती पडली, ती त्याने पुसली नाही. मग म्हणाला, बघू तरी काय काढलंत. मी फोनवर तो कान फाटलेला कुत्रा दाखवला. त्याने मोठा करून बघितला. डोक्याच्या जागी नुसता पिंगट फराटा आणि नाकासमोर उडालेले चार थेंब, तेवढेच लख्ख.

"हललाय की हो, काकू."

"हलला नाही," मी म्हटलं. "शिंकला."